कोंढाणा अठरा फुटांत

नाटकाची वही माझ्याकडे आली ती माझ्या गुणांमुळे नव्हे. मी महाडला एका ऑफिसात हिशेब लिहिते, मराठी टायपिंग येतं, आणि घरात प्रिंटर आहे. ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत मोठे सासरे म्हणाले, "वही सूनबाई छापून देईल." छापायची म्हणजे वाचावी लागणार. वाचली की कुणी कधी यायचं ते तिलाच ठाऊक असणार. मग तालीमही तिनेच घेतलेली बरी. बोलणं असं पुढे सरकत गेलं, आणि मी आतून चहा घेऊन आले तोवर दिग्दर्शक झाले होते. नाटक म्हणजे तिकीट काढून खुर्चीत बसायची गोष्ट, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. पडद्यामागे काय चालतं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

विषय ठरवायची गरज नव्हती. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांची समाधी इथे आहे, शेलारमामांचीही आहे, आणि आमची वाडी तिथून जवळच. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी कोंढाण्यावर पडले. त्यांचा देह घाटावरून खाली आणला तो मढे घाटाने, आणि घाटाचं नाव त्यावरूनच पडलं, असं इथली परंपरा सांगते. त्यांच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची तयारी चालली होती तीही याच गावात. पहिल्या तालमीला मी मोठ्या काळजीने विचारलं, "प्रेक्षकांना गोष्ट नीट कळेल ना?" सातवीतली एक पोर माझ्याकडे बघतच राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती.

मंडळाला संगीत नाटक हवं होतं. किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' करून जे वळण घालून दिलं, त्यातल्यासारखी नाट्यपदं मात्र नकोत. ती गाणार कोण? हळदीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, पोवाडा, पालखी, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक गाणं. शिवाय अट अशी की घरटी एक तरी माणूस स्टेजवर दिसला पाहिजे. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं 'जाणता राजा' 1985 पासून हत्तीघोडे आणि दोनशेहून जास्त कलाकार घेऊन मैदानांतून होत आलं. आमच्या मंडळातल्या दोघांनी ते पाहिलं होतं, आणि दुर्दैवाने दोघेही बैठकीला हजर होते. यादी साठ नावांवर गेली. मग मी टेप घेऊन समाजमंदिरात गेले. ओटा 18 फूट रुंद, 12 फूट खोल. मागे भिंत, भिंतीला एक खिडकी. 216 भागिले 60, म्हणजे माणशी साडेतीन चौरस फुटांहून किंचित जास्त. तेवढ्यात मावळा उभा राहतो, पण त्याला तलवार उपसता येत नाही.

पेटीवाले काका पलीकडच्या गावातून मोटरसायकलला पेटी बांधून येत. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "बायकांची पट्टी काय?" मी म्हटलं, "आहे ना, फूटपट्टी आहे, आणते." ते हसले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी मला शेजारी बसवून बोट ठेवून दाखवलं. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या आणि पाच काळ्या. गाणारा आपला सा ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी. पुरुषांचा गळा साधारण काळी एक, काळी दोनला मोकळा लागतो; बायकांचा काळी चार, काळी पाचला. शाहीर पुरुष असला तरी वर चढवून गातो, कारण माईक नव्हते तेव्हा त्याला शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं असे. मी वहीत लिहून घेतलं: 'सा म्हणजे ज्याचा त्याचा तळमजला.' काकांनी ते वाचलं आणि नुसतं "हं" म्हणाले. मग त्यांनी हळदीचं गाणं काळी एकला धरलं, तर सासूबाईंचा आवाज ऐकूच येईना. काळी चारला धरलं, तर धाकटे दीर दुसऱ्या ओळीला खोकत बाहेर गेले.

त्यात अर्धे मावळे मुंबईत. हे आमच्याकडे नवं नाही. कोकणातला माणूस गिरणीत गेला आणि नाटक बरोबर घेऊन गेला. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांच्या मंडळांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले. आता गिरण्या नाहीत, माणसं नालासोपारा, विरार, दिव्याला राहतात, आणि रविवारी कुणाच्या तरी सोसायटीच्या गच्चीवर तालीम करतात. मला एक भन्नाट युक्ती सुचली: व्हिडिओ कॉल लावायचा, इकडून बायकांनी गायचं, तिकडून पुरुषांनी. लावला. आम्ही म्हणू ते तालात नाहीत, ते म्हणत आम्ही नाही. टाळ्या वाजवून ताल धरू गेलो, तर त्यांची टाळी आमच्या टाळीच्या मागून येई. आम्ही हळू झालो की ते आणखी हळू. अखेर एका भाच्याने सांगितलं, "मामी, आवाज तिकडे पोचायला आणि परत यायला वेळ लागतो. फोनवर कुणालाच एकत्र गाता येत नाही." दोन्हीकडचे चाळीसेक लोक तोवर एकमेकांवर चिडलेले होते.

काकांनी तोड काढली ती साधी होती. एका गाण्यात सगळ्यांना कोंबायचंच नाही. ओव्या आणि हळद बायकांची, काळी चारला. पुरुषांनी फक्त धृपदाला साथ द्यायची, आणि धृपदाची चाल खालच्या सुरांतच फिरती ठेवायची. पोवाड्यात पोरं झीलकरी. झील म्हणजे शाहिराने ओळ सोडली की मागच्यांनी ती उचलून धरायची. एवढं जमल्यावर मी फुशारकीने गाण्यांचा क्रम लिहून तबलजींना दिला. त्यांनी कागद उलटासुलटा बघितला. "वैनी, मधे तबला कधी बदलू?" तबला पेटीच्या सुरात लावावा लागतो, आणि एकच तबला कुठल्याही सुरात लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. वरच्या सुराला लहान तोंडाचा, खालच्याला मोठ्या तोंडाचा. हातोडी मारून थोडं वरखाली करता येतं. काळी एकवरून काळी चारवर नेता येत नाही. ते दोन तबले आणणार होते, पण माझ्या क्रमात प्रत्येक गाण्यानंतर तबला बदलायचा होता. मग मी गाण्यांच्या पुढे पट्टी लिहिली, सारख्या पट्टीची गाणी शेजारीशेजारी आणली आणि तबला बदलायच्या जागी बोलण्याचे प्रवेश टाकले. जिजाऊंचं लांबलचक भाषण त्यामुळे नाटकात राहिलं. नाहीतर मी ते कापणार होते.

पडद्यांची गोष्टही तशीच. ड्रेपरीवाला म्हणजे पोशाख, दागिने, मिशा, तलवारी आणि रंगवलेले पडदे भाड्याने देणारा माणूस. त्याने फोनवर विचारलं, "दरबार, महाल, जंगल, रस्ता. काय काय पाठवू?" मी कोंढाण्याचा कडा मागितला. "कडा नसतो. जंगल घ्या." बरं म्हटलं, मग दरबार, महाल आणि जंगल द्या, रस्ता नको, आमच्या नाटकात रस्ता नाही. तो म्हणाला, "ताई, रस्त्याशिवाय नाटक कसं करणार?" मला वाटलं भाडं वाढवतोय. तालमीत कळलं. महालातली हळद संपली आणि दरबार यायचा, तर पाट, जातं, सूप, नवरदेव आणि पंधरा करवल्या हलवून सिंहासन मांडायला बराच वेळ जाई, आणि तोवर प्रेक्षकांनी बघायचं काय? रस्त्याचा पडदा पुढे, ओट्याच्या कडेपासून चार फुटांवर सोडतात. त्याच्यापुढे दोन पात्रं येऊन काहीतरी बोलतात, आणि मागे सामान हलतं. जुन्या नाटकांत दोन नोकर उगीच येऊन विनोद का करतात याचं मला लहानपणापासून कोडं होतं. कथेला त्यांची गरज नसे, सिंहासन उचलणाऱ्यांना असे. मी ड्रेपरीवाल्याला परत फोन करून रस्ता मागितला. त्याने तो आधीच गाडीत घातला होता.

रस्त्यावर येऊन बोलायला कुणाला घ्यायचं? यादीत नवऱ्याच्या दोन मावश्या होत्या, ज्यांना संवाद पाठ होत नव्हते. त्यांना सांगितलं, लग्नघरी लाडू किती वळले त्यावर बोला, मी आतून खुणावेपर्यंत थांबू नका. त्या खुणावल्यावरही थांबल्या नाहीत.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात मला अक्कल आली असं म्हणता येणार नाही. नव्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, पोलिसांची परवानगी वेगळी, आणि ध्वनिवर्धक रात्री 10 ला बंद. हे शेवटचं वाचलं तेव्हा मंडळ हबकलं. गावचं नाटक जेवणं उरकून दहाला सुरू व्हायचं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालायचं, अशी आठवण सांगणारी पिढी अजून बसलेली आहे. आम्हाला दहाला संपवायचं होतं. म्हणजे साडेसहाला पडदा. "साडेसहाला म्हशीचं दूध कोण काढणार?" जिजाऊ विचारत होत्या, म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाई.

जाऊबाईंच्या जिजाऊंना उभं केलं ते मी नाही. नवऱ्याचे एक चुलत आजोबा आहेत. त्यांच्या तरुणपणी बायकांची कामं पुरुषच करत, आणि त्यांनी स्वतः जिजाऊ केलेली. ते काठी टेकत तालमीला आले, खुर्चीवर बसले आणि जाऊबाईंचं चालणं बघून म्हणाले, "सुने, तू पाण्याला निघाल्यासारखी चालतेस. आऊसाहेब कशाला घाई करतील? त्यांच्यासाठी बाकीचे थांबतात." मग स्वतः उठून, काठी बाजूला ठेवून चार पावलं चालून दाखवली. पदर नव्हता तरी त्यांनी तो सावरला. मी इतके दिवस 'जरा रुबाबात चाला' असं ओरडत होते. त्याने चालण्यात काडीचाही फरक पडला नव्हता.

घोड्याचा विषय मात्र कुणी सोडायला तयार नव्हतं. आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, आणि तिथे वेण्णा तलावावर घोडेच घोडे. टेम्पोत घालून एक आणू, हे 'जाणता राजा' पाहिलेल्या दोघांचं म्हणणं. मी विरोध केला नाही, नुसतं समाजमंदिराचं दार मोजलं आणि आकडा फळ्यावर लिहिला. दारातून घोडा येईल, पण ओट्याच्या पायऱ्या चढून तो वळणार कुठे, यावर बराच खल झाला. तेवढ्यात बालवाडीच्या ताईंनी नारळाच्या दोन करवंट्या घेतल्या आणि शहाबादी फरशीवर आपटल्या. आधी हळू, मग दुडकी, मग भरधाव. बाहेर बसलेली माणसं डोकावून बघू लागली. घोडा न आणण्याचा ठराव एकमताने झाला. आणि करवंट्या वाजवायला इतकी पोरं पुढे आली की त्यांच्यात मारामारी झाली.

मग घोरपड. शाळेतल्या गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सभासदाच्या बखरीत घोरपड नाही; तिथे मावळे वानरांसारखे कडा चढले. घोरपड आली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. मी प्रामाणिकपणे तालमीत म्हटलं, "मग आपण घोरपड काढून टाकू या का?" कुणीच बोललं नाही. एका पोराने उलट खरी पकडून आणायची तयारी दाखवली, तेव्हा गुरुजींनीच त्याला सांगितलं की घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिला हात लावला तर तुरुंगाचा पडदाही मागवावा लागेल. शेवटी वाट निघाली ती अशी: शाहिराने घोरपड गायची, आणि डोळ्यांना दिसायचे ते दोरावरून चढणारे मावळे. दोन्ही एकाच वेळी चाललेलं कुणाला खटकलं नाही. गुरुजींनाही नाही, ते झीलकऱ्यांत होते.

दोरावरून चढणारे मावळे हे म्हणायला सोपं. ओटा जमिनीपासून तीन फूट. पोरं प्रेक्षकांतून धावत येऊन दोर धरत, आणि त्यांची छाती आधीच कोंढाण्याच्या माथ्यावर असे. गुडघ्यावर चालवून बघितलं, तर ती नवसाला आल्यासारखी दिसत. लाईटवाला पोलादपूरचा, कमी बोलणारा. तो दोन दिवस हे बघत होता. मग त्याने घरून पांढरी चादर मागितली, ती जंगलाच्या पडद्याच्या जागी ताणली, पुढचे सगळे दिवे घालवले आणि एकच दिवा मागे, भिंतीशी, जमिनीवर ठेवला. एक पोर दिवा आणि चादर यांच्यामधून चाललं. दिव्याजवळ असताना त्याची सावली छताला टेकली, चादरीजवळ आल्यावर ती पोराएवढी झाली. शिडी आडवी धरून त्यावर हातपाय हलवले की तो कडा चढतोय असं दिसे, जमीन सोडायचीच नाही. शंभरदा 'जागा नाही' म्हणून रडले होते, आणि 12 फुटांतले मागचे 5 फूट मी रिकामेच ठेवले होते, खुर्च्या ठेवायला.

आता डझनभर पोरांचे तीनशे करायचे. एका बाजूने गेलेलं पोर मागून फिरून पुन्हा पहिल्या बाजूने यायला हवं. पण मागे भिंत. म्हणून खिडकी. पोरं खिडकीतून बाहेर उडी मारत, अंधारातून समाजमंदिराला वळसा घालत आणि दुसऱ्या बाजूच्या दारातून पुन्हा कड्यावर येत. रंगीत तालमीत हे झकास चाललं, फक्त मावळे कमी कमी होत गेले. शेवटी चादरीवर तीनच उरले. बाकीचे कुठे गेले बघायला बाहेर आले, तर वळशाच्या वाटेवर दोघांची घरं लागत होती आणि आत भाकरी तव्यावर होती. तानाजीचा भाऊ सूर्याजी त्यांना कानाला धरून गडावर घेऊन आला.

प्रयोगाचा दिवस माघ वद्य नवमीचा. मुंबईचे मावळे दुपारी उतरले, आणि गच्चीवर ऐसपैस फिरत बसवलेली लढाई ओट्यावर करून बघितली तेव्हा पहिल्याच वाराला एकाचा फेटा झालरीत अडकला. लढाई जागच्या जागी, फक्त हात हलवून करायची ठरली. संध्याकाळी गारठा पडू लागला तसा शाहिरांचा डफ बसला. कातडं गारव्याने सैल पडतं आणि आवाज भद्द येतो. ते शांतपणे चुलीपाशी जाऊन डफ शेकत बसले. साडेसहाची वेळ झाली, सभागृह भरलं, खिडक्यांतही माणसं, आणि मी मेकअप झालेल्या साठ लोकांना सांगत होते की डफ तापतोय, थांबा.

नाटकात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी विंगेत वही धरून उभी होते, आणि विंगेतून नाटक दिसत नाही, दिसतात ती माणसं कुठे अडखळतात ते. तानाजीचं ते लग्नाचं आणि गडाचं वाक्य आलं. आमच्या दिरांनी श्वास घेतला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत समोरच्या तीन-चारशे लोकांनी ते म्हणून टाकलं. दीर माझ्याकडे बघायला लागले. वहीत पुढचं वाक्य जिजाऊंचं होतं. पण आऊसाहेबांनी घाई केली नाही. त्यांनी दिरांना ते वाक्य पुन्हा म्हणू दिलं, आणि प्रेक्षकांनीही पुन्हा म्हटलं. सावल्यांना टाळ्या पडल्या. खिडकीबाहेर मी सासूबाईंना उभं केलं होतं, त्यामुळे एकही मावळा जेवायला गेला नाही.

शेवटी पालखी. गड घेतल्यावर तानाजींचा देह मढे घाटाने उमरठला येतो, तो प्रवेश. बांबूची पालखी रंगीत तालमीला आली नव्हती. ती विंगेपेक्षा रुंद आहे हे कळलं तेव्हा ती चौघांच्या खांद्यावर होती. मागे भिंत, डावीकडे पेटी, उजवीकडे मी. भोयांनी माझ्याकडे बघितलं. मी हाताने 'खाली, खाली' अशी खूण केली. म्हणायचं होतं, पालखी खाली ठेवा. ते ओट्याच्या पायऱ्यांवरून खाली उतरले. मधल्या वाटेने पालखी निघाली, झीलकरी पोरं मागे, त्यांच्यामागे साठपैकी जे जिवंत होते ते सगळे, आणि थोडे मेलेलेही. पहिल्या रांगेतली आजी उठली, मग रांगच उठली. पालखी दारातून बाहेर समाधीच्या रस्त्याला लागली, तशी माणसं खुर्च्या सोडून मागून चालू लागली. लाईटवाला, ड्रेपरीवाला, माझा नवरा, सगळे.

घड्याळात दहाला वीस मिनिटं होती. सगळ्यांनी मिळून म्हणायचं शेवटचं गाणं, ज्याच्या धृपदासाठी आम्ही महिनाभर भांडलो होतो, अजून व्हायचं होतं. सभागृहात पेटीवाले काका, तबलजी आणि मी.

"वैनी," तबलजी म्हणाले, "काळी एकचा लावू, की गुंडाळू?"

काकांनी पेटीचा भाता बंद केला आणि मला दिवे कुठून घालवायचे ते विचारलं. मला तेही माहीत नव्हतं.